मिक्सर गळ्यात अडकवल्यावर

शूटिंगला पोचले की मी आधी मिक्सरचा (माइकचे आवाज घेऊन कॅमेऱ्याकडे पाठवणारी गळ्यातली पेटी) टोन, म्हणजे पातळी जुळवायचा सूर, सोडते. एक किलोहर्ट्झची ती एकसुरी शिट्टी ऐकून कॅमेरामन वैतागतो. वैतागू दे. मिक्सरच्या मीटरचा काटा ० व्हीयूच्या खुणेवर असताना कॅमेऱ्याचा मीटर −२० डेसिबलवर (तिथे ० म्हणजे कमाल) आला पाहिजे (युरोपातली मंडळी −१८ धरतात). कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाज आपोआप चढवणं-उतरवणं) त्याआधीच बंद करायचा, नाहीतर ही जुळणी फुकट.

मिक्सरचं आउटपुट लाइनवर (जोरकस सिग्नल; माइकचा त्याहून फार क्षीण) असेल, तर कॅमेऱ्याचं इनपुटही लाइनवरच हवं. एकदा माझा कॅमेऱ्याकडचा खटका माइकवर राहिला. हेडफोनमध्ये आवाज लख्ख, कारण मी मिक्सरचाच ऐकत होते. कार्डावर मात्र तासभराची मुलाखत फुटक्या भोंग्यासारखी. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या हेडफोन जॅकमधून एक वायर मिक्सरच्या रिटर्नला (परतीचा आवाज ऐकायचं इनपुट) परत आणते आणि रेकॉर्डिंग चालू असताना अधूनमधून रिटर्नचं बटण दाबून तिकडचं ऐकते.

आता गेन, म्हणजे आवाज किती वाढवायचा ते. फेडर (पुढे आवाज कमी-जास्त करायची कळ) शून्याच्या खुणेवर ठेवा आणि आवाज ट्रिमने (माइक आत येतो तिथला पहिला गेन) बसवा. बोलणाऱ्याला 'वन, टू, थ्री' म्हणायला लावू नका. माणूस आकडे ठणकावून म्हणतो आणि मुलाखतीत पुटपुटतो. काहीतरी विचारून त्याला बोलतं करा. नेहमीचं बोलणं −२० च्या आसपास, चढे शब्द −१० पर्यंत, एवढं पुरे. ट्रिम कमी ठेवलात तर पुढे फेडर चढवताना सूं-सूंही चढते. जास्त ठेवलात तर आवाज फेडरपर्यंत पोचायच्या आधीच फाटतो, मग फेडर कितीही खाली ओढा. लिमिटर (फार चढलेला आवाज दाबणारी सोय) चालू असू द्या, पण त्याचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर ट्रिम उतरवा.

बूमच्या (लांब काठीवरच्या) कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज, लागतं. ते देताना फेडर खाली, नाहीतर कानात धप्प. लो कट (खालची घरघर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास. वारा असेल तर माइकला केसाळ कव्हर हवंच, ते काम फिल्टरचं नाही.

बूम आणि कॉलर माइक एकाच ट्रॅकवर कालवू नका. एकच आवाज दोन अंतरांवरून किंचित मागेपुढे पोचतो आणि डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. पॅन (आवाज डाव्या की उजव्या ट्रॅकवर ते ठरवणारी कळ) पूर्ण फिरवून बूम डावीकडे, कॉलर उजवीकडे.

आवराआवर सुरू व्हायच्या आत त्या जागेची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड करा. एडिटिंगला सांधे बुजवायला तीच लागते. तेवढ्यात कुणीतरी ट्रायपॉड मिटणारच. पुन्हा शून्यापासून ३० मोजा.