मृत्युपत्र नसताना घरातील चीजवस्तूंची वाटणी कशी करावी

एखादी व्यक्ती मृत्युपत्र न करता गेली की तिच्या मालमत्तेत कोणाचा किती हिस्सा, हे कायदा ठरवतो. पण कपाटातल्या पाटल्या कोणी घ्यायच्या, गाडी कोणाच्या नावावर करायची आणि भिंतभर पुस्तकांचे काय करायचे, हे तो सांगत नाही. कायदा अपूर्णांकात बोलतो आणि घरात मात्र अखंड वस्तू असतात, त्यामुळे खरे काम असते ते या दोहोंचा मेळ घालण्याचे. हा लेख जंगम वस्तूंपुरता आणि भारतातील कायद्याच्या चौकटीत आहे. घर आणि जमीन यांच्या वारसनोंदीची वाट वेगळी असल्याने तिच्यात येथे शिरलेले नाही.

सर्वप्रथम मृत्युपत्र खरोखरच नाही ना, याची खात्री करावी. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहिलेले आणि दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले मृत्युपत्रही वैध ठरू शकते. त्यामुळे नोंदणी कार्यालयात काही सापडले नाही एवढ्यावर थांबू नये. कागदपत्रांच्या फाइली, लॉकर, नेहमीचे वकील आणि कर सल्लागार यांच्याकडे चौकशी करावी. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करून घ्यावी आणि प्रमाणपत्राच्या पुरेशा प्रती एकदमच घ्याव्यात, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते.

याच काळात घरातून काहीही बाहेर न नेण्याचे सर्वांनी मिळून ठरवावे. आठवण म्हणून एखादे घड्याळ नेणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, पण यादी होण्यापूर्वी गेलेल्या एका वस्तूमुळे नंतर न गेलेल्या दहा वस्तूंविषयी संशय निर्माण होतो. किल्ल्या कोणाकडे आहेत हे सर्वांना माहीत असावे आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याने स्वतःला मालक नव्हे, राखणदार समजावे. मृत व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे हा प्रकार सर्रास चालतो, पण तो गैर आहे. वापरणारा वारस असला तरी पैसे सर्व वारसांचे असतात आणि पुढे त्याला हिशेब द्यावा लागतो. मोबाइल क्रमांक मात्र घाईने बंद करू नये, कारण बँक, विमा आणि गुंतवणुकीचे संदेश त्यावरच येत असतात आणि विस्मरणात गेलेली खाती कित्येकदा त्यातूनच कळतात.

यादी करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो: घरात आहे ते सगळे मृत व्यक्तीचेच होते का? पतीच्या कपाटात ठेवलेले पत्नीचे दागिने हे तिचे स्त्रीधन असते. पती गेला म्हणून ते वाटणीत येत नाही. विवाहित मुलीने आईवडिलांच्या लॉकरमध्ये ठेवलेला दागिना, मुलाने स्वतःच्या पैशाने घेतलेला फ्रिज, शेजाऱ्याची मागून आणलेली शिडी, यांचेही तसेच. अशा वस्तू वेगळ्या काढताना पावती, जुने छायाचित्र किंवा इतर वारसांची संमती यांपैकी काहीतरी आधार असावा.

मग खोलीवार यादी करावी. किमान दोन वारस, आणि शक्य असल्यास वाटणीत रस नसलेली एखादी विश्वासू व्यक्ती, अशांनी एकत्र बसून ती लिहावी. ‘दागिने, काही’ अशी नोंद निरुपयोगी असते. ‘सोन्याच्या पाटल्या, एक जोडी, खड्यांविना, शयनगृहातील लोखंडी कपाट, वरचा खण’ अशी नोंद असावी, तिच्यापुढे सराफाकडून करून घेतलेले निव्वळ वजन आणि शुद्धता लिहावी आणि सोबत छायाचित्र असावे. पुस्तकांची पाने, जुन्या पर्स, कोटांचे खिसे आणि गाद्यांखालची जागा तपासल्याशिवाय काहीही रद्दीत देऊ नये. मुदत ठेवीची पावती किंवा कागदी शेअर प्रमाणपत्र अशाच जागी सापडते. अनेक बँकांतील बेवारस ठेवी एकाच ठिकाणी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचे पोर्टल सुरू केले आहे, त्याचाही उपयोग करावा.

आता वारस कोण, हे पाहावे. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख व्यक्तींना 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू होतो. पुरुष मृत झाल्यास त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस एकाच वेळी आणि समान हिश्शाने येतात. आधी वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या वारसांना त्या शाखेचा हिस्सा मिळतो. मृताचे वडील या वर्गात नाहीत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. स्त्री मृत झाल्यास क्रम वेगळा आहे: प्रथम मुले आणि पती, त्यानंतर पतीचे वारस, आणि मग तिचे आईवडील. ती निपुत्रिक असेल, तर माहेरकडून वारशाने आलेली मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. दत्तक अपत्याचा हक्क पोटच्या अपत्याइतकाच असतो आणि मृत्यूसमयी गर्भात असलेले मूल जिवंत जन्मल्यास त्यालाही हिस्सा मिळतो. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांसाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा, तर मुस्लिम कुटुंबांसाठी त्यांचा वैयक्तिक कायदा लागू होतो, आणि त्यांतील हिस्से वेगळे आहेत. म्हणून शेजारच्या घरातील वाटणी पाहून आपली करू नये.

नामनिर्देशित व्यक्ती (नॉमिनी) म्हणजे मालक, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. बँक त्या व्यक्तीला पैसे देऊन स्वतः जबाबदारीतून मोकळी होते. पैसे घेणारा ते वारसांच्या वतीने स्वीकारतो. शेअरच्या बाबतीतही नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केले. लॉकरलाही हेच तत्त्व लागू आहे. तो उघडताना बँक साक्षीदारांसमक्ष आतील वस्तूंची यादी करते. त्या वेळी शक्य तितके वारस हजर असावेत आणि यादीची प्रत घरच्या यादीला जोडावी. नामनिर्देशन नसेल, तर रक्कम आणि संस्थेचे नियम यांनुसार हमीपत्रावर भागते किंवा दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र आणावे लागते. हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. घरातील भांडी, फर्निचर किंवा दागिने वाटण्यासाठी, वारसांत एकमत असेल तर, न्यायालयात जाण्याची गरज नसते.

वाटणीपूर्वी देणी फेडावीत. मृताच्या कर्जासाठी वारसाला स्वतःच्या खिशातून पैसे भरावे लागत नाहीत. त्याची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, अर्थात तो स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर. मात्र मालमत्ता आधी वाटून टाकली आणि धनको नंतर आला, तर ज्याने त्याने घेतलेल्यातून परत काढण्याची वेळ येते.

वाटणीसाठी वस्तूंचे दोन ढीग मनाशी करावेत: ज्यांना बाजारभाव आहे ते आणि ज्यांना केवळ आठवणींचे मोल आहे ते. पहिल्या ढिगात हिशेब चोख असावा. समजा पत्नी, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असे पाच वारस आहेत आणि सोने 250 ग्रॅम भरले. तर प्रत्येकाच्या वाट्याला 50 ग्रॅम येते. मुलीला 60 ग्रॅमच्या पाटल्या हव्या असतील, तर दहा ग्रॅमची किंमत तिने इतरांना द्यावी किंवा दुसऱ्या एखाद्या वस्तूवरील हिस्सा तेवढ्याने कमी घ्यावा. दर कोणत्या दिवसाचा धरायचा हे आधीच ठरवावे आणि सर्व दागिन्यांना एकच दर लावावा. वाटण्यासाठी दागिना मोडून वितळवणे हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे, कारण घट आणि घडणावळ मिळून सर्वांचेच नुकसान होते. दोनच वारस असतील, तर एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावे; याहून न्याय्य पद्धत सापडणे कठीण.

दुसऱ्या ढिगाला पैशाचे माप लावू नये. चष्मा, पत्रे, हस्ताक्षरातील वही, शिवणयंत्र अशा वस्तूंसाठी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा, एकेकाने एकेक वस्तू निवडावी आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा करावा. छायाचित्रे आधी स्कॅन करून सर्वांना द्यावीत, म्हणजे मूळ अल्बम कोणाकडे राहतो याला फारसे महत्त्व उरत नाही. ‘तिला काही नकोच आहे’ असे बहिणीच्या वतीने भावांनी परस्पर ठरवू नये. नको असेल तर तिने ते स्वतः, काय सोडते आहे हे यादीत पाहून, लेखी सांगावे. अल्पवयीन वारसाचा हिस्सा पालकाला असा सोडून देता येत नाही, तो बाजूला ठेवावाच लागतो.

काही वस्तूंना केवळ संमती पुरत नाही. गाडीच्या मालकाच्या मृत्यूची माहिती 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावी आणि तीन महिन्यांत नावबदलाचा अर्ज करावा. परवान्याची बंदूक वारसाने परवान्याविना जवळ बाळगू नये. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. दिवाणखान्यातील वाघाचे कातडे किंवा हस्तिदंती कोरीवकाम हा शोभेचा विषय राहत नाही: अशी वस्तू वारशाने आल्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे निवेदन द्यावे लागते, आणि ती विकता येत नाही. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा चित्र असल्यास पुरावस्तू म्हणून त्याची नोंदणी झाली आहे का, हे पाहावे.

ठरलेली वाटणी यादीच्या आधारे लिहून काढावी, प्रत्येक पानावर सर्व वारसांच्या आणि शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येकाला प्रत द्यावी. ज्याने वस्तू नेली त्याने नेल्याच्या दिवशी त्या ओळीपुढे सही करावी. वारशाने मिळालेल्या वस्तूंवर भारतात कर नाही. तसा कर 1985 मध्ये रद्द झाला. मृत व्यक्तीचे त्या वर्षीचे प्राप्तिकर विवरणपत्र मात्र वारसाने भरायचे असते. पुढे कोणी दागिना विकला, तर भांडवली नफा मूळ मालकाच्या खरेदी किमतीवरून मोजला जातो, आणि खरेदी 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. म्हणून सराफाची जुनी पावती ज्या त्या दागिन्यासोबतच द्यावी आणि तिची एक प्रत वाटणीपत्राला जोडून ठेवावी.