तयार पडदा खिडकीच्या मापाचा करायचा तर

आठवडी बाजारात तयार पडदे मिळतात ते बहुधा 5 किंवा 7 फुटांचे. आपल्याकडच्या गावातल्या खिडक्या 3-4 फुटांच्या, त्यामुळे पडदा खाली लोंबतो न् झाडताना धूळ खातो. टेलरकडे न जाताही काम होते.

1. सुती पडदा असेल तर आधी धुऊन वाळवा. तो आटतो.
2. पडदा दांडीवर चढवा, मगच माप घ्या. जुन्या घरांत चौकट क्वचितच सरळ असते. डावीकडे, मधे न् उजवीकडे वेगवेगळे मोजा. चौकटीच्या खाली 6 इंच उतरेल तिथे खडूने खूण करा.
3. खुणेखाली 4 इंच कापड ठेवून उरलेले कापा. रिंगांच्या बाजूला कात्री लावू नका, तिथला कडक पट्टा परत बसवणे घरच्या मशीनवर जमत नाही.
4. कडेला अर्धा इंच, मग साडेतीन इंच दुमडा. टाचण्या लावून शिवा. मशीन नसेल तर हाताने तुरपाई चालते, वेळ जातो एवढंच.

जास्तीचे कापड वीतभरच असेल तर कापूच नका, आतून दुमडून टाके घाला. पुढे मोठ्या खिडकीला उसवून वापरता येतो. कापलेल्या पट्टीची पडदा बांधायला नाडी होते.

पॉलिस्टरच्या पडद्यावर गरम इस्त्री थेट फिरवू नका, वितळून चिकटते. वर सुती दुपट्टा टाका.