वर्ग बागेत न्यायचा तर एक झाड धरा

डिसेंबर-जानेवारीत सकाळी भायखळ्याच्या राणीच्या बागेच्या फाटकापाशी शाळांच्या बसेस एकामागून एक रिकाम्या होत असतात. दोन-दोनच्या रांगा, पुढे बाई, मागे मावशी आणि सगळ्यांचे पाय पेंग्विनकडे. ही बाग 1862 साली उघडली ती वनस्पतींची बाग म्हणून, प्राणी नंतर आले. पण गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याजवळून अख्खा वर्ग मान न वळवता पुढे निघून जातो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गारंबीचा महावेल आहे, त्याच्या नशिबीही फारसं वेगळं काही नाही.

यात मुलांचा दोष नाही. त्यांना तिथे करायला काही दिलेलंच नसतं. ‘झाडांची नावं लिहून आणा’ एवढंच सांगितलं की मुलं पाट्या उतरवून घेतात आणि झाड बघायचं राहून जातं. माझं मत विचाराल तर दोन तासांत वीस झाडं दाखवण्याच्या फंदात पडू नका. दोन दाखवा, त्यातल्या एकापाशी तासभर बसा, आणि हाताने करायचं एक काम ठेवा. पुढचं सगळं चौथी ते सातवीचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. बालवाडी असेल तर मोजमापं वगळा. बाग मोठीच हवी असंही नाही. तालुक्याच्या गावातल्या नगरपालिकेच्या बागेत एक वड, एक उंबर आणि बोलका माळी असला की भागतं.

1. आधी एकट्याने जाऊन या

भेटीच्या आठ-दहा दिवस आधी जा, आणि वर्ग नेणार त्याच वेळी जा. सावली कुठे पडते, नळाला पाणी आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना, मुलं गोल करून बसतील एवढी जागा कुठे आहे, हे बघून ठेवा. बागेला साप्ताहिक सुट्टी असते हे विसरू नका, राणीची बाग बुधवारी बंद असते. माळ्याला एक प्रश्न नक्की विचारा: कुठे आग्यामोहोळ बसलंय का? असेल तर तो कोपरा वगळायचा, आणि ‘कोणीही दगड मारायचा नाही’ हे मुलांना बसमध्येच बजावायचं.

झाडंही याच फेरीत निवडा. जानेवारी ते मार्च सावर आणि पळस फुलतात, तेव्हा त्यांच्यावर मैना, बुलबुल, कावळे यांची झुंबड असते. बहावा आणि ताम्हण एप्रिल-मे महिन्यांत ऐन भरात असतात, पण तेव्हा शाळांना परीक्षा नाहीतर सुट्टी. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल असूनही बहुतेक मुलांनी ते फुललेलं पाहिलेलं नसतं, त्याला एक कारण हेही असावं. पावसाळ्यात गोगलगायी, गांडुळं, शेवाळ आणि नेचे भरपूर मिळतात, फक्त पालकांची समजूत घालावी लागते.

2. पत्र द्या, आणि त्यात कामाचं लिहा

महापालिकेची बाग असेल तर उद्यान विभागाला, उद्यान अधीक्षकांच्या नावे, दोन-तीन आठवडे आधी पत्र द्या. तारीख, वेळ, इयत्ता, मुलं किती, शिक्षक किती, बस कुठे उभी राहील, हे सगळेच लिहितात. तुम्ही आणखी दोन ओळी घाला: मुलं नेमकं काय करणार (बुंधा मोजणार, पडलेली पानं-बिया गोळा करणार, छाट म्हणजे कापलेली काडी लावणार) आणि रोपवाटिका दाखवायला एखादा माळी अर्धा तास मिळेल का. छाटणीचं काम कधी आहे हेही विचारून घ्या. छाटलेल्या फांद्यांचा ढीग ही फुकटची प्रयोगशाळा असते. कळ्या, डोळे (जिथून पान फुटतं त्या जागा), डिंक, आतली वर्तुळं, किडे असं सगळं त्यात सापडतं, आणि जिवंत झाडाला हातही लावावा लागत नाही.

मुंबईकरांना आणखी एक जागा आहे. धारावीजवळ मिठी नदीच्या काठचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. पूर्वी तिथे शहराचा कचरा टाकत, त्यावर झाडं वाढवून ते 1994 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याचं जंगल कसं झालं, हा विषय तिथे शिकवावा लागत नाही.

3. गट आणि पिशव्या

पाच-सहा मुलांचा एक गट, आणि दर दोन गटांमागे एक मोठं माणूस. पालकांना बोलवा, पण ‘फोटो काढायला नाही, सुतळी धरायला या’ असं सांगून. प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी द्या. तिच्यात सुतळीचं बंडल, मोजपट्टी, एक भिंग, सालीचे ठसे घ्यायला मेणाचे खडू आणि पातळ कोरे कागद, एक पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आणि एक मीटर लांबीची काठी. छापील प्रश्नपत्रिका नकोत. ती हातात आली की मुलं रिकाम्या जागा भरत बसतात. आठला पोचा, दहा-सव्वादहाला डबे उघडा. त्यानंतर ऊनही चढतं आणि लक्षही उडतं.

4. झाडापाशी तासभर

सगळ्यात आधी पारदर्शक पिशवी उन्हातल्या एका पानेरी डहाळीवर चढवून तोंड सुतळीने घट्ट बांधा आणि विसरून जा. अर्ध्या-पाऊण तासाने आत पाण्याचे थेंब धरलेले असतात. पान पाणी बाहेर टाकतं हे पुस्तकात वाचलेल्या मुलालाही ते थेंब खरे वाटायला वेळ लागतो. मग कोणीतरी शंका काढतं, ‘ते दवाचं असेल.’ उत्तर देऊ नका. दुसरी रिकामी पिशवी तशीच बांधून शेजारी टांगा म्हणावं, मग बघू.

मग डोळे बांधायचा खेळ. एका मुलाच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्याला वेड्यावाकड्या वाटेने एका झाडाशी न्यायचं. त्याने साल चाचपायची, वास घ्यायचा, बुंध्याला कवेत घ्यायचं. परत आणून रुमाल सोडला की आपलं झाड त्याने शोधायचं. सावरीच्या काट्यांचं आणि पेरूच्या गुळगुळीत खोडाचं झाड लगेच सापडतं. दोन आंबे शेजारी असले की खरी मजा येते.

घेर मोजताना कुठे मोजायचा हे आधी ठरवा. आपल्याकडे वनखातं जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजतं. तिथे सुतळी गुंडाळा, गाठ मारा, काढून मोजपट्टीवर धरा. वड असेल तर वाद होणारच: पारंब्या धरायच्या की नाही? होऊ द्या. प्रत्येक गटाने आपला नियम ठरवून तो आकड्यापुढे लिहायचा. मोजमाप म्हणजे आधी काय मोजायचं ते ठरवणं, हे त्या भांडणात आपोआप येतं.

उंचीसाठी सावली वापरा. मीटरची काठी सपाट जागी उभी धरून तिची सावली मोजा, लगेच झाडाची मोजा. काठीची सावली 80 सेंटिमीटर आणि झाडाची 12 मीटर भरली तर झाड 15 मीटर उंच. सहावी-सातवीला हे गणित फळ्यापेक्षा इथे पटकन कळतं. सकाळी सावल्या लांबच लांब पडून झुडपांत शिरतात, म्हणून हे शेवटी, ऊन वर आल्यावर ठेवा.

5. उंबर मिळाला तर बाकी सगळं बाजूला ठेवा

माझ्या मते शाळेच्या भेटीसाठी उंबरासारखं दुसरं झाड नाही. उंबराचं फूल कोणाला दिसत नाही असं घरोघरी सांगतात. ते असतं, पण ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत. झाडाखाली पडलेली आणि खोडालाच लगडलेली चार-पाच उंबरं माळ्याला विचारून घ्या: एक हिरवं टणक, एक पिवळसर, एक पिकलेलं लाल. सुरी शिक्षकांच्याच हातात राहू द्या. हिरव्याचे दोन भाग करून भिंग द्या. आतल्या भिंतीला चिकटून शेकडो बारीक फुलं दिसतात. टोकाशी खवल्यांनी झाकलेलं इवलंसं भोक असतं, तेही शोधायला सांगा.

त्या भोकातून एक छोटासा कीटक, गांधीलमाशीच्या नात्यातला, आत घुसतो. मादी असते ती. घुसताना बहुतेक वेळा तिचे पंख तुटतात, म्हणजे परतीची वाट बंद. आत ती काही फुलांत अंडी घालते आणि अंगावरून आणलेले परागकण दुसऱ्या फुलांना लावते. तिची पिल्लं आतच वाढतात. नर आपापल्या फुलांतून आधी बाहेर पडतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि आतच मरतात. नव्या माद्या परागकण घेऊन त्या बोगद्यातून उडतात आणि दुसरं उंबर शोधतात. पिकायला आलेलं फळ फोडलं तर हे कीटक चालताना दिसतात. ते माणसाला चावत नाहीत, तेव्हा तळहातावर घ्यायला हरकत नाही.

‘म्हणजे उंबर खाताना आपण किडे खातो?’ हा प्रश्न येणारच. खरं उत्तर द्या. जुनी माणसं उंबर फोडून, झटकून खातात ते म्हणूनच. मग पाच मिनिटं सगळ्यांना मान वर करून गप्प बसवा. पिकलेल्या उंबरावर पाखरं येतात आणि नशीब असेल तर पानांच्या रंगात मिसळून गेलेला हरियाल, आपला राज्यपक्षी, दिसतो.

एकच काळजी: फळं कधी कुठल्या अवस्थेत असतील याचा नेम नसतो. म्हणून तर आधीची फेरी.

6. माळीकाकांच्या हाताखाली

इथे तुम्ही मागे उभे राहा. ‘बाई सांगतील’ या सवयीतून मुलांना सोडवायचं असेल तर अर्धा तास माळीकाकाच गुरुजी. काहींना मुलांसमोर बोलायला संकोच वाटतो, त्यांना म्हणा, बोलू नका, करून दाखवा.

जास्वंदीची छाट सगळ्यात सोपी. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब काडी घ्यायची. खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरका काप. खालची पानं काढायची, वरची एक-दोन ठेवून तीही अर्धी कापायची. पिशवीत माती, वाळू आणि शेणखत कालवून घ्यायचं. दोन डोळे मातीत जातील इतकी काडी खोचून बोटांनी माती दाबायची आणि झारीने पाणी. सावलीत ठेवली तर साधारण महिनाभरात मुळं धरतात. मुलं तिसऱ्या दिवशी उपटून बघतात. त्याला इलाज नाही, म्हणून उपटून बघण्यासाठीच तीन-चार जादा काड्या लावून ठेवा आणि तसं जाहीर करा.

धीर कमी असलेल्यांना पानफुटीचं एकेक पान द्या. ओल्या मातीवर नुसतं टेकवून ठेवलं की काही दिवसांत कडेच्या खाचांतून इवली रोपं निघतात.

वेळ उरला तर पालापाचोळ्याचा खड्डा. वर अख्खी पानं, हातभर खाली चाळणी झालेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती. नाक मुरडणारी मुलंच नंतर एकेका गांडुळाला नाव देतात.

7. हात कुठे लावायचा नाही

हे झाडापाशी नाही, बसमध्ये सांगा, आणि बागेत शिरल्यावर एकदा दाखवा. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर: तिच्या बियांशी मुलं खेळतात, त्या विषारी असतात. लाल-पांढरी कण्हेर, धोत्रा, एरंडाच्या बिया आणि गुंजा याही त्याच यादीत. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या असतात, त्या जरूर बघा, पण रुईचं पान तोडू नका. चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा थर असेल तर लांबूनच. कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, वासही सुंदर, पण डोक्यावर तोफगोळ्यांएवढी जड फळं लटकत असतात, त्याखाली डबे उघडायला बसू नका. घरून आणलेलं काहीही प्राण्यांना द्यायचं नाही.

8. परत आल्यावर

‘माझी बागेतील सहल’ हा निबंध कृपा करून देऊ नका. सगळे गट झाडाचा घेर आणि उंची फळ्यावर मांडू द्या. आकडे जुळणार नाहीत, ते का जुळले नाहीत यावर एक तास छान जातो. सालीचे खडूने घासून काढलेले ठसे भिंतीवर लावा, नावं न लिहिता, आणि दुसऱ्या वर्गाला ओळखायला सांगा. छाटीच्या पिशव्या खिडकीत, पाण्याची पाळी ठरवून. मोजमापांची एक प्रत आणि मुलांच्या हातचं पत्र बागेच्या कार्यालयात पोचवा, माळीकाकांचं नाव घालून. पुढच्या वर्षी परवानगी लवकर मिळते, हा अनुभव आहे.

बसचं भाडं जमत नसेल तर शाळेपासून चालत जाता येईल असं रस्त्याकडेचं झाड निवडा. सुतळी, भिंग, काठी तिथेही चालतात. पत्र मात्र तेव्हाही द्या, कारण शहरात ती झाडंही पालिकेच्या अखत्यारीत येतात, आणि वाहतुकीच्या बाजूला एक मोठं माणूस जास्तीचं उभं करा.