जुन्या बुलेटचा गिअर नीट पडत नसेल तर: डबा उघडण्याआधी काय तपासावं

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्याच्या पडवीत कित्येक वर्षं उभी असलेली चार गिअरची बुलेट ३५० मागच्या उन्हाळ्यात मी घरी आणली. इंजिन दोन दिवसांत सुरू झालं, गिअर मात्र जागेवर पडेना. पहिला टाकला की खाडकन् आवाज, गाडी उडी मारून बंद. चालू इंजिनवर न्यूट्रल तर सापडतच नव्हतं. मी गिअरबॉक्स, म्हणजे गिअरचा डबा, खोलायला बसलो, तेवढ्यात गल्लीतले जुने मिस्त्री आले. क्लच दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, "डब्बा खोलाची घाई नको करू बावा. आधी क्लच पाह्य." डब्यात खरंच काही बिघडलेलं नव्हतं. म्हणून हा क्रम लिहितोय, बाहेरून आत जाणारा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या गाडीचा गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. शिवाय गाडी जागेवर उभी असताना गिअरचे दात समोरासमोर येऊन अडतात. नुसता पायाने जोर लावून "गिअर जाम आहे" असं ठरवू नका.

१. दोष क्लचचा की डब्याचा, ते ओळखा

गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा, स्पार्क प्लग काढा. एका हाताने मागचं चाक हळूहळू पुढे-मागे फिरवत दुसऱ्या हाताने गिअरचा लिव्हर दाबा. चारही गिअर असे मऊ पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच कडक होत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे दाबूनही इंजिन गिअरपासून वेगळं होत नाही. चाक फिरवूनही अडत असतील तर दोष लिव्हर, रॅचेट (पायाची चाल पकडून गिअर बदलणारा खाचांचा भाग) किंवा डब्यात आहे. या पाच मिनिटांच्या तपासणीने माझे दोन दिवस वाचले असते.

२. क्लच वायर आणि अ‍ॅडजस्टमेंट

वायर आतून गंजलेली किंवा तुटत आलेली असेल तर बदला, तेल घालून वेळ काढू नका. हँडलवरचा लिव्हर दुसऱ्या गाडीचा बसवलेला असेल तर वायर पुरेशी ओढली जात नाही. हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम पाहा.

आता वायर पूर्ण ढिली करा. गिअरबॉक्सच्या उजव्या झाकणावरची छोटी टोपी काढली की लॉकनट आणि स्क्रू दिसतो. नट ढिला करून स्क्रू क्लच ढकलणाऱ्या रॉडला जेमतेम टेकेपर्यंत आत फिरवा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या आणि नट आवळा. त्यानंतर वायर अशी ताणा की हँडलवरच्या लिव्हरला २ ते ३ मिलिमीटर मोकळा खेळ राहील. खेळच ठेवला नाही तर क्लच घसरेल, फार ठेवला तर तो सुटणार नाही.

३. क्लच प्लेट

बरीच वर्षं उभ्या गाडीत प्लेट एकमेकींना चिकटतात. क्लच दाबून धरा आणि आठ-दहा किक मारा. तेवढ्याने सुटल्या नाहीत तर डावीकडचं चेनकेसचं, म्हणजे इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या पेटीचं, झाकण काढा. ते मधल्या एकाच नटावर असतं. खाली पसरट भांडं ठेवा, सगळं ऑइल एकदम बाहेर येतं.

माझ्या गाडीतल्या लोखंडी प्लेटवर तांबूस गंज होता. सपाट काचेवर एमरी पेपर ठेवून त्या घासल्या. खरा दोष मात्र या प्लेट ज्यात बसतात त्या क्लचच्या वाटीत निघाला. प्लेटच्या कानांनी वाटीच्या खाचांना खड्डे पाडले होते. नख फिरवलं की प्रत्येक खड्ड्याशी अडकत होतं, आणि क्लच दाबल्यावर प्लेटही तिथेच अडकत होत्या. बारीक कानसीने कडा सरळ केल्या. जास्त कानस मारू नका, खाच रुंद झाली की प्लेट खडखडतात. खड्डे खोल असतील तर वाटीच बदला.

जोडताना तिन्ही स्प्रिंग सारख्या आवळा. क्लच दाबून किक हळूच फिरवली की बाहेरची प्लेट डोलता कामा नये. डोलली, तर जी बाजू कमी उचलली जाते तिथला स्क्रू थोडा ढिला करा. चेनकेसमध्ये जाड गिअर ऑइल भरू नका, त्यानेही प्लेट चिकटतात.

४. लिव्हर आणि रॅचेट

गिअर लिव्हर शाफ्टवर हलतो का पाहा, दाते झिजलेले असतील तर पायाची चाल वाया जाते. पाय काढल्यावर लिव्हर मधोमध परत येत नसेल तर स्प्रिंग गेली.

गिअर बदलताना मध्येच खोटं न्यूट्रल लागत असेल, म्हणजे दोन गिअरच्या मधे कुठलाच गिअर पडत नसेल, तर रॅचेटजवळची दोन नटांवरची पट्टी तपासा. तिची आधीची जागा टोकदार खिळ्याने खुणावून ठेवा. नट ढिले करून पट्टी केसभर सरकवा आणि परत आवळा. लिव्हर वर आणि खाली साधारण सारख्याच अंतरावर रॅचेट पकडू लागला की जागा बरोबर. इथे घाई करणाऱ्याला दिवसभर बसावं लागतं.

५. एवढं करूनही गिअर सुटत असेल

चालत्या गाडीला जोर दिल्यावर गिअर आपोआप बाहेर येत असेल, तरच डबा उघडा. गिअरच्या बाजूच्या ठोकळ्या दातांचे कोपरे गोल झालेत का, गिअर सरकवणाऱ्या फोर्कचं टोक झिजलंय किंवा वाकलंय का, बुशमध्ये खेळ आहे का, हे पाहा. काढलेली प्रत्येक वॉशर तारेत त्याच क्रमाने ओवून ठेवा आणि फोटो काढा. गोल झालेल्या दातांवर वेल्डिंग करून घेणं मला पटत नाही. एकमेकांत बसणारे दोन्ही गिअर सोबतच बदला.

६. चालवून पाहा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून मी सकाळी सहाला सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यावर निघतो. थंड इंजिनवर गिअर नीट पडले म्हणून खूश होऊ नका. अर्धा तास चालवा, गरम गाडीवर चालू इंजिनात न्यूट्रल शोधा आणि क्लचचा खेळ पुन्हा मोजा. नवी वायर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये थोडी ताणली जातेच, तेव्हा एकदा परत ती अ‍ॅडजस्ट करा.