आजीची नथ, पणजीची करवती साडी: लग्नात वापरण्याआधी या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत लग्नं लागतात ती ऐन उन्हाळ्यात. पारा ४५ अंशांना टेकलेला असतो, मांडव उघड्यावर असतो आणि पेटीतले जुने दागिने मात्र लग्न आठ दिवसांवर आलं की बाहेर निघतात. पहिली चूक हीच. लग्नसराईत सोनाराला आणि दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याला मान वर करायला वेळ नसतो. निदान दोन महिने आधी पेटी उघडा.

"हॉलमार्क नाही, मोडून टाका"

हा सल्ला मुळीच ऐकू नका. हॉलमार्कची सक्ती २०२१ पासून आहे, पण ती सराफाने विकायच्या दागिन्यांना. घरातली एकदाणी किंवा पुतळ्यांची माळ त्यामुळे बाद होत नाही. मोडताना वजनात घट धरली जाते, नवी घडणावळ द्यावी लागते, त्यावर जीएसटी येतो. आणि ती जुनी घडण पुन्हा मिळत नाही, हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. माळ लांब वाटते? पुतळ्या तशाच ठेवून नव्या रेशमी गोफात आखूड गाठवून घ्या.

नथीची तार कापणे

जुन्या नथीची तार जाड, आणि आजच्या मुलीचं नाक टोचलेलं नसतं किंवा भोक बारीक असतं. मग घरीच पकडीने तार वाकवली जाते. सोन्याची तार पुन्हा पुन्हा वाकवली की कडक होते आणि एक दिवस मोत्यांच्या मुळाशीच तुटते. तिला डाक लावून सांधायची तर आच द्यावी लागते, म्हणजे आधी सगळे मोती उतरवणं आलं. त्यापेक्षा मूळ तार न कापता दाबाची कडी जोडता येते का, ते सोनाराला विचारा. नथ जड असेल तर मोत्यांचा सर कानामागून केसांत अडकवा. ती घालून एकदा पोटभर जेवून बघा, काय बोचतं ते लगेच कळेल.

उकळत्या पाण्यात धुणे

जुन्या पोकळ गोटांत (जाड बांगड्यांत), बाजूबंदांत बहुधा लाख भरलेली असते. गरम पाण्यात ती मऊ पडून बाहेर येते आणि दागिना चेपतो. रिठ्याचं साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मोत्यांना लिंबू, चिंच अजिबात नको, आंबटाने त्यांची झळाळी जाते. अत्तर, केसांचा फवारा आधी. मोती सगळ्यात शेवटी.

करवती न तपासता नेसणे

भंडारा-नागपूरकडची जुनी करवती टसर रेशमाची. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की ती घडीवरच चिरते. उजेडासमोर धरून बघा. खोचायच्या टोकाला हलकेच ताण द्या. धागे सरकले तर नेसायचा हट्ट नको, पदराचा शेला करा. काठ अंगाशी विणतानाच गुंतवलेला असतो, तो उसवत नाही, कापावाच लागतो. म्हणून कात्री लावण्याआधी शिंप्याला प्रत्यक्ष दाखवा. हळदीला ती नेसूच नका. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि रेशमावरून सहसा निघत नाही.

आणि "आजी, हे कोनाचं व्हय?" एवढं आधी विचारा. एकत्र कुटुंबात एकाच ठुशीवर दोन जावांचा जीव असतो, आणि मांडवात हा विषय निघाला की रुसवे वर्षानुवर्षं टिकतात. सोनाराकडे देताना फोटो काढा, वजन समोर करून घ्या आणि मोती-मणी मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या.