पुलाला किती झालं ते ठीक, आपल्या गल्लीचा आकडा किती?

जुलै लागला की सांगलीत जो भेटेल तो एकच विचारतो, आयर्विनला किती झालं, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी किती फुटांवर गेलं? ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पण पुलाला ४६ झालं म्हणजे आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलेलं असणार, हे विचारा, दहा जण दहा उत्तरं देतील. गल्लीची पूर-तयारी इथंच अडते. टॉर्च, पॉवर बँक, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, पंधरा दिवसांची औषधं, हे सगळ्यांना माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही. गल्लीतल्या घरांची यादी मे महिन्यात करा, त्यात अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, एकटं राहणारं म्हातारं माणूस कोण आणि दावणीला जनावर कुणाच्या, एवढं लिहिलं तरी पुरे.

आता आकडा काढायचा कसा, ते सांगतो. यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय, कारण जो तो आपापल्या उंबऱ्यावरून हिशोब मांडतो. उंबरा सोडा. तुमच्या गल्लीतून कोरड्या भागात, म्हणजे विश्रामबाग किंवा मिरजेकडं जाणाऱ्या रस्त्यावरचा सगळ्यात सखल ठिकाण शोधा, एखादा चौक, नाल्यावरची मोरी, रस्त्याचा खोलगट भाग, काहीही असू शकतं. तिथं कमरेएवढं पाणी आलं की घर कितीही कोरडं असलं तरी तुम्ही अडकलात. आणि पाणी नदीच्या बाजूनंच येणार हेही डोक्यातनं काढून टाका, ते शेरीनाल्यासारख्या नाल्यातून, गटाराच्या चेंबरमधून, बऱ्याचदा पाठीमागून येतं.

मग २०१९ च्या पुराची खूण शोधा. बऱ्याच भिंतींवर ती अजून दिसते, कुणी ऑइल पेंटनं रेघ मारून ठेवलेली असते. त्या वर्षी पुलाला साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास पाणी होतं. गवंड्याकडची लेव्हल पाइप मागून आणा, म्हणजे पाणी भरलेली ट्रान्सपरंट नळी, आत एकही बुडबुडा नको, नाहीतर माप चुकतं. एक टोक खुणेपाशी धरा, दुसरं रस्त्यातल्या पुढच्या लाइटच्या खांबाला, दोन्हीकडचं पाणी थांबलं की खांबावर खडूनं रेघ मारा, असं खांबा-खांबानं करत त्या सखल जागेपर्यंत जा. तिथं ती रेघ जमिनीपासून किती उंच येते ते टेपनं मोजा. समजा साडेआठ फूट आली, तर साडेसत्तावन्नातून साडेआठ गेले, राहिले ४९. त्यातून अजून दोन फूट कमी करा, कारण पुलापाशी आणि तुमच्याकडं पाणी अगदी एका पातळीत नसतं. आला ४७. हा तुमच्या गल्लीचा आकडा. २०२१ चं पाणी रस्त्यावर कधी आलं आणि तेव्हा पुलाला किती होतं हे कुणी लिहून किंवा फोटो काढून ठेवलं असेल तर त्याच्याशी ताडून बघा, फरक निघाला तर कमीचा आकडा धरा. चौकात भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरात लिहा, "पुलाला ४७, गल्ली रिकामी".

यावर हमखास कुणीतरी आजोबा म्हणणार, "अरं, २००५ ला आमच्या पायरीला पाणी शिवलं नव्हतं." आजोबा खरंच बोलत असतात. पण २००५ ला पुलाला चोपन्नच्या आत होतं आणि २०१९ ला त्याच्याही वर साडेतीन-चार फूट चढलं, आणि याच भरवशावर बसलेली कितीतरी घरं माळ्यावर अडकली. आजोबांशी वाद घालू नका, त्यांच्या भिंतीवर दोन्ही वर्षांच्या रेघा शेजारी-शेजारी मारून दाखवा.

"वरच्या मजल्यावर जाऊन बसू" हा सल्ला तर कुणी दिला तर ऐकूच नका. लाइट बंद, नळाला पाणी नाही, संडास उलटा भरून येतो, आणि आत आजारी माणूस. आकड्याच्या चार फूट आधीच आजारी, म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि जनावरं हलवा. म्हैस मागं ठेवून मालक हलत नाही, म्हणून तिची सोय आधी. संध्याकाळी पाणी आकड्याच्या दोन फुटांच्या आत आलं आणि वाढतच असेल तर अंधार पडायच्या आत सगळे बाहेर, रात्री पाहू म्हणायचं नाही.

चोरीच्या भीतीनं घरातली पुरुष माणसं मागं राहतात. ही भीती खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. दागिने, कागदपत्रं पहिल्याच गाडीत पाठवा आणि पाण्याच्या कडेला कोरड्यावर पोरांच्या पाळ्या लावा, पोलिसांना सांगून.

नुसतं कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याकडं बघून निर्णय घेऊ नका. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, ती फुगली की आपलं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. धरणाच्या खालच्या भागातला पाऊस वेगळाच. म्हणून पुलाची पातळी दर तासाला वहीत लिहायला एक माणूस नेमा, ग्रुपवर फक्त त्याचाच आकडा जाईल, बाकीचे फॉरवर्ड बंद.

अडकलातच तर ११२ किंवा जिल्ह्याचा १०७७ लावा. बोट आली की जॅकेटशिवाय आणि क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नाही, कितीही घाई असली तरी. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली बोट उलटून लोक गेले, ते आपल्याच जिल्ह्यात. लहान पोरं आधी, मग म्हातारी, सामान नाही.

निघताना मेन स्विच खाली पाडा, सिलिंडर बंद करून दोरीनं बांधा. परत आल्यावर वायरमननं बघितल्याशिवाय स्विच वर करू नका. चिखलात अनवाणी उतरू नका, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीचं डॉक्टरांना विचारा, कपाटामागं साप असू शकतो, काठी आपटून मगच हात घाला. आणि चिखल धुवायच्या आधी भिंतीवर पाण्याची नवी रेघ, तारीख आणि त्या वेळचा पुलाचा आकडा लिहून ठेवा.