अन्ननलिकेचा कॅन्सर: रोबोट की ओपन? या चुका टाळा

मामांना तपासणीसाठी सांगलीहून पुण्याला आणलं, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारायचा, "रोबोटनं करणार ना?" जणू मशीन एकटंच आत शिरून गाठ काढून आणणार! रोबोटला स्वतःचं डोकं नसतं. सर्जन कन्सोलपाशी, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलापाशी, बसून हात हलवतो, तशी आतली हत्यारं हलतात. अन्ननलिकेचा रोगट भाग आणि लिम्फच्या गाठी काढायच्या, जठराची नळी करून वर ओढायची आणि जोडायची, हे काम दोन्हीकडे तेच. फरक वाटेचा. ओपनमध्ये बरगड्यांमधून मोठी चीर जाते, रोबोटमध्ये छोटी छिद्रं पुरतात.

त्या वाटेमुळे फरक पडतो, हे मात्र खरं. नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला ११२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. फुफ्फुसांचा त्रास रोबोटमध्ये ३२ टक्के रुग्णांना झाला, ओपनमध्ये ५८ टक्के. दुखणंही कमी. पण पाच वर्षांनी हयात असलेले दोन्हीकडे साधारण ४० टक्केच, आणि जठराची नळी जिथं जोडतात ती जोड गळण्याच्या प्रमाणात ठळक फरक नाही. म्हणजे 'रोबोटनं कॅन्सर जास्त बरा होतो' असं समजून जमीन विकायला काढू नका.

विचारायचं ते वेगळंच: "डॉक्टर, तुम्ही वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? आणि रोबोटवर किती?" आम्हाला हे विचारायला संकोच वाटला, पण विचारल्यावर डॉक्टर अजिबात रागावले नाहीत. त्यांचा हात ओपनवर बसलेला होता, म्हणून मामांचं ओपनच झालं.

विम्याचं आधीच बघा. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीत धरायला सांगितलं, पण कंपनीला तिच्यावर वेगळी मर्यादा लावायची मुभा ठेवली. आमच्या पॉलिसीत ती ओळ बारीक अक्षरांत होती. आधी लेखी मंजुरी मागा.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र श्वासाच्या व्यायामाच्या यंत्राची, ज्यात श्वासानं वर उचलायच्या तीन प्लास्टिकच्या गोळ्या असतात. ऑपरेशनआधी किमो-रेडिएशन चालू असतानाच ते हातात दिलं होतं. मामा रोज इमानदारीनं फुंकत होते, गोळ्या जागच्या हलायला तयार नाहीत, आणि आम्ही समजलो अशक्तपणा आहे. आठ दिवसांनी सिस्टरनं बघितलं नि म्हणाल्या, "अहो मामा, फुंकायचं नाही, आत ओढायचंय! सावकाश." दुसऱ्या ओढीला दोन गोळ्या वर. छातीतलं काम चालू असताना एक फुफ्फुस बंद ठेवतात, त्यामुळे नंतर कफ साठून न्यूमोनिया व्हायची भीती असते, म्हणून हा व्यायाम. तंबाखू न सोडता 'रोबोट आहे ना' म्हणणाऱ्याला तर काय सांगावं. मिश्रीही तंबाखूच, हे मामींना पटायला महिना गेला.

ऑपरेशननंतर ताप, धाप, छातीत दुखणं किंवा नाडी जोरात चालणं, यातलं काहीही दिसलं तर 'थकवा असेल' म्हणून रात्र काढू नका, लगेच कळवा. जोड गळतानाची लक्षणं अशीच असतात.

घरी आल्यावर मामींनी कौतुकानं ताट भरून वाढलं आणि मामा जेवून लगेच आडवे झाले. मग घशापर्यंत आंबट पाणी आलं. आता दिवसातून सहा वेळा वाटीभर खातात, जेवल्यावर अंगणात फेऱ्या मारतात, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा आहेत.